पोटाजवळची दांडी

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार
रात्रभर झोप नाय. डोळे मिटले की मोटर फिरते! उल्हासनगरच्या भंगारातून आणलेली, पिठाच्या चक्कीची. भंगारवाला काका हसलेला — "बेटी, इसका क्या अचार डालेगी?" भात झोडणार काका, भात! काल फिरली ती. पेंढी धरली तर दाणे टपाटप गोणपाटावर! माझ्या चिमुकल्या लेकीने, जिजूने टाळ्या वाजवल्या.

१३ नोव्हेंबर
सातवी शिकलेली मी. पण ड्रम मी बनवला, त्यावरच्या दाणे झोडणाऱ्या तारा मी वाकवल्या. वेल्डिंग माझ्या भावाने, चंदरदादाने शिकवलं. आता तोच बोलतो, "नाद सोड. आईचं विसरलीस?"
विसरेन कशी? भाड्याच्या झोडणी मशीनने आईचा पदर ओढला, पाठोपाठ हात गेला. म्हणून तर बनवते! माझ्या मशीनला पायाचा खटका आहे. पाय उचलला की बंद.

१५ नोव्हेंबर
टेम्पोतून मशीन बारवी धरणाकडच्या पाड्यावर नेली. तिथल्या बनूबाईच्या घरातून वायर ओढली. पन्नास पेंढ्या, भराभर! बनूबाई नाचलीच. मी जिजूला पाणी पाजायला वळली, परत बघते तर — खटक्यावर दगड!
बनूबाई बोलली, "पाय भरून येतो गं बाई. दगड काय थकत नाय."
तिची सून उमा मशीनसमोर. तिचा पदर ड्रमपासून वीतभर. धावत वायर उपटली.

१६ नोव्हेंबर
चूक माझी. दिवसभर पाय दाबून कोण उभं राहील?

१८ नोव्हेंबर
सुचलं!! खटका काढून टाकला. पोटाजवळ आडवी दांडी लावली. बाई पुढे ओढली गेली की पोटाने दांडी दबणार — मोटर बंद, स्कूटरचा ब्रेक ड्रमला पकडणार. दगडाचं कामच नाय!
भाताच्या गोणीला साडी नेसवली, पदर ड्रममध्ये सोडला. खाट्! बंद. तीनदा केलं, तीनदा बंद! एवढी ओरडली की शेजारीण बोलली, "लॉटरी लागली काय?"

२० नोव्हेंबर
पाड्यावर दाखवलं. बनूबाई बोलली, "गोणीला काय कळतं? तू नेसून दाखव. मग माझी सून उभी करते."
बरोबर आहे तिचं.

२१ नोव्हेंबर, सकाळ
आईचंच लुगडं नेसलेय. जिजू उमाच्या कडेवर, लांब. दांडी मी लावलीय, थांबणारच!
वही टूलबॉक्सवर ठेवते. मी स्वतः नाय उचलली, तर वाचणाऱ्याने चंदरदादाला फोन करा. नंबर झाकणावर आहे. जिजूला न्यायला ये सांगा. आणि सांगा — दांडी ड्रमपासून अजून वीतभर मागे घे.