विसाव्याची वाट

हर्सूल, औरंगाबाद
पितृपंधरवडा

प्रिय शकू,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, कायमची इंग्लंडला कधी येतेस. मी दोनदा विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर मी रडले की तू रडतेस आणि दोघींचंही बोलणं राहून जातं. म्हणून कागद घेतला. उत्तर देते, पण माझ्या चालीनं देते. मधेच टोकायला तू इथं नाहीस, तेवढं एक बरं आहे.

यंदा तळ्याला पाणी बरं आहे. तुझ्या तात्यांची खुर्ची गॅलरीतून आत घेतली, पावसानं फुगायला लागली होती. ते गेल्यापासून मला, आम्ही दोघं तुझ्याकडं आलो होतो तेव्हाचं एकच ठिकाण आठवतं, तुमच्या त्या लेक डिस्ट्रिक्टमधली डोंगराच्या कडेची जुनी पायवाट. सुट्टीच्या दिवशी लोक खुशाल दुसऱ्याच्या शेतातून हिंडतात आणि मालक हात वर करून रामराम करतो, हे तात्यांना आधी खरंच वाटेना. आपल्या देवगावात कुणी असा उभ्या पिकातून गेला असता तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या. एका मालकानं गव्हात वाटेपुरती पट्टी मोकळी सोडली होती, तिच्याकडं ते किती वेळ बघत राहिले. फाटक उघडलं की आपल्यामागं लावायचं, असा तिथला रिवाज तू सांगितलास. मग प्रत्येक फाटक त्यांनीच लावलं, वर ओढूनही बघितलं. तू लई हसलीस तेव्हा.

पुढं तो सपाट दगड आला. तूच वाचून सांगितलंस, की पूर्वी या वाटेनं मयत चर्चकडं नेत आणि या दगडावर शवपेटी टेकवून माणसं दम घेत. तात्या म्हणाले, हा तर विसावा. बूट काढून ओल्या गवतात हात जोडून उभे राहिले. तुला वाटलं थकले. त्यांना तिथं तुझी आजी दिसत होती.

तू लहान होतीस, तुला सगळं ठाऊक नाही. देवगावात आपल्या गल्लीतून मसणवट्याला जायची वाट आप्पाकाकांच्या वाटणीच्या रानातून होती. मधे लिंबाखाली विसाव्याचा दगड. तिथं तिरडी टेकवायची, खांदे बदलायचे, मग पुढं जायचं. रझाकारांच्या भीतीनं गाव याच वाटेनं नदीत उतरलं होतं, असं आजी सांगायची. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तात्या आणि काका, दोघा भावांचं फाटलं. काकांनी वाट नांगरली आणि तोंडाशी बाभळीच्या काट्या लावल्या. आजी गेली तेव्हा तिला डांबरी सडकेनं न्यावं लागलं. विसावा दिला तो पंक्चरच्या दुकानापुढं, मागं ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. काका मान खाली घालून खांद्याला होते, पण काट्या काही काढल्या नाहीत. आईला सडकेवर ठेवलं, एवढंच तात्या नंतर वर्षानुवर्षं म्हणायचे.

तुझ्याकडून परत आल्यावर ते दर रविवारी एसटी धरून देवगावला जायला लागले. काटी उचलायची, रानातून त्या दगडापर्यंत चालायचं, परत यायचं आणि काटी होती तशी लावायची. भांडण नाही, शिवी नाही. मी म्हणायची, लोक हसतात. ते म्हणायचे, हसू दे, चाललं की वाट राहते. काकांनी आधी शिव्या घातल्या, मग पाठ फिरवायला लागले. तात्या कोर्टात गेले असते तर काका खूश झाले असते, कोर्ट त्यांना कळत होतं. पण आपल्याच काट्या नीट परत लावून जाणाऱ्या भावाचं करायचं काय, हे त्यांना कळेना.

गेल्या दसऱ्याच्या आधी तात्या अंथरुणाला खिळले. रविवार आला की उठून बसायचे आणि चपला मागायचे. पुढचं तुला माहीत आहे. तिकडं बर्फानं विमानं थांबली, तुला येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

मात्र तात्यांना देवगावला नेलं त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं, कारण तू काकांचं नावच काढू देत नाहीस. देवगावात बाया वेशीपाशी थांबतात. मी थांबले नाही. वाटलं, आता ती सडक, आता ते दुकान. पण पुढचा खांदा काकांचा होता आणि ते रानाकडं वळले. काट्या नव्हत्या. डोक्याएवढ्या ज्वारीत मधे सरळ वाट होती, एक ताटसुद्धा नसलेली. पायाखाली माती भुसभुशीत, कुणीच न चाललेली. दसऱ्याच्या पेरणीला काकांनी तेवढ्या पट्टीत पेरायची तिफण उचलून धरली होती, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी जागा सोडून. रविवारी भाऊ येईल म्हणून. भाऊ अंथरुणाला आहे हे नंतर कळलं, तरी शहरात यायला त्यांचा पाय उचलला नाही. लिंबाखाली तिरडी टेकवली. खांदे बदलायची वेळ आली तर काकांना उठता येईना, दगडाला धरून रडत होते.

शकू, मला त्या माणसाचा राग आहे, अजून आहे. तात्यांनी ती वाट एकदा बघितली असती तर सुखानं गेले असते.

परवा काका इथं आले होते, या घरी पहिल्यांदाच. चहा घेतला नाही, तात्यांच्या खुर्चीकडं बघत बसले. उठताना विचारलं, वहिनी, पेरणी आलीय, यंदा तिथं तिफण उचलू का पेरून टाकू, चालणारं तर आता कुणी नाही. त्यांचंही खरं होतं. मी म्हटलं, उचला, मी येते. हे सांगायलाच लिहायला बसले. मी कायमची तिकडं यायची नाही, पोरी. रविवारची एसटी मी धरीन, गुडघे चालतील तोवर. हिवाळ्यात वर्षश्राद्धाला तू ये. काकांशी बोलायची सक्ती नाही, फक्त माझ्यासंगं विसाव्यापर्यंत चाल. म्हणजे माझी वेळ येईल तेव्हा तुला विमान मिळो ना मिळो, आईला कोणत्या वाटेनं नेलं, ते तुला ठाऊक असेल.

तुझीच, अजून चालती-फिरती,
आई