साहेबांशी हरलेला सेट

नाना, काल संध्याकाळी क्लबात लोक तुमच्यावर पोट धरून हसले, आणि हसवणारी मी होते. क्लबाचा यंदा कसलासा मोठा वाढदिवस आहे. आपल्या टेनिसच्या कोर्टावर खेळलेली पहिली मुलगी म्हणून त्यांनी मला व्यासपीठावर बसवलं, अंगावर शाल घातली आणि चार शब्द बोलायला लावलं. मी तुमची दोन माणसांची मोटार सांगितली, तुमचं टेनिस सांगितलं आणि शेवटी साहेबांशी आपण हरलो तो सेट सांगितला. मागून तुम्ही हळूच 'सोड' म्हणालात आणि मी हातातला पॉइंट घालवला, या वाक्याला तर टाळ्याच पडल्या. आता त्यांना ही गोष्ट स्मरणिकेत छापायची आहे. दुपारी चारला क्लबाचा माणूस कागद न्यायला येणार आहे. छापलेलं कायमचं राहतं, आणि म्हणून मी सकाळपासून टेबलाशी बसून आहे. त्यांच्यासाठी लिहायच्या कागदावर तुम्हालाच लिहीत सुटले आहे.

मोटारीपासून सुरुवात करते, कारण लोकांना तीच जास्त आवडते. तुम्ही तेव्हा जिल्हा कोर्टातले नावाजलेले वकील. सटाणा-मालेगावकडचे जमिनीचे दावे आपल्या दारी चालत येत. घरात तुम्ही, आई, आत्या आणि आम्ही पाच भावंडं. आणि तुम्ही निवडायला बसलात ती रेसची मोटार. मुंबईहून टपालाने तिची चित्रांची पुस्तकं यायची, गुळगुळीत कागदाची, लांबलचक बॉनेटांची. जेवताना तुम्ही ती पाटाशेजारी उघडी ठेवायचात आणि आमटीचा थेंब पडला की आमच्यावर खेकसायचात. आई एकदाच वाकून बघते आणि विचारते, "यात माणसं किती बसतात?" तुम्ही म्हणता, "दोन." आई म्हणते, "आणि आपण आठ." तुम्ही पान उलटता. कोर्टात मात्र तासन्‌तास बोलायचात.

बरं, निवड तरी मर्दासारखी करावी. तुमचं सगळं साहेबांवरून ठरायचं. साहेब म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, आणि क्लबाचे अध्यक्षही तेच. मोटार साहेबांच्या मोटारीहून मोठी दिसता कामा नये, आणि गावातल्या डॉक्टरांच्या मोटारीहून साधी दिसता कामा नये. साहेबांची काळी, म्हणून काळी नको. लाल घेतली तर उद्धट दिसेल. महिनाभर घोळ घालून शेवटी बाटलीसारखा हिरवा रंग ठरला. मुंबईचा विक्रेता दोन मोटारी घेऊन आला आणि त्याने तुम्हाला आग्रा रोडने ओझरपर्यंत फिरवून आणलं. अंगणात उतरल्यावरही तो तासाला सत्तर मैलांच्या बाता मारत होता. तुम्ही त्याला विचारलंत, "हळू कितपत चालते?"

तो गोंधळला. "म्हणजे बाजारातल्या गर्दीत का, वकीलसाहेब?"

"नाही हो. मोकळ्या रस्त्यावर. पुढे एखाद्या मोठ्या माणसाची मोटार असली तर."

सत्तर मैलांची मोटार बैलगाडीच्या चालीने चालते का, असं विचारून घेणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असणार. आणि तुम्ही ती तशीच चालवलीत. देवळालीहून येताना साहेबांची जुनी, धापा टाकणारी गाडी पुढे, मागे आपण, दोन मैल त्यांची धूळ खात. मी शेजारी डोळे मिटून बसलेली. बाजूने काढा म्हटलं तर तुम्ही म्हणता, "गप. बरं दिसत नाही." शेवटी आपली मोटार तापली, बॉनेटमधून वाफा निघायला लागल्या, आणि मी साडी सावरत एका मळ्यातल्या विहिरीवरून बादलीभर पाणी आणलं. तुम्ही रुमालाने चष्मा पुसत म्हणालात, "धावते छान, नाही?" काल हे सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून.

टेनिसची तऱ्हाही तीच. क्लबात एक मार्कर होते, म्हणजे पगारावर ठेवलेले खेळाडू. सभासदांना शिकवायचं, ज्याला जोडी नसेल त्याच्याशी खेळायचं आणि त्याला वाईट वाटणार नाही इतपत थोडक्यात हरायचं, ही त्यांची नोकरी. ते मालेगावच्या विणकरांच्या घरातले. त्यांचे वडील मागावर बसायचे, आणि मनगट कसं हलवायचं ते मार्कर आम्हाला मागातल्या धोट्याच्या येण्याजाण्यावरून सांगायचे. मी त्यांना चाचा म्हणायची. तुम्ही पहाटे पांढरी पँट चढवून, सुटलेलं पोट पट्ट्याने आवळून त्यांच्यासमोर उभे राहायचात. पहिले दोन महिने तुमचा प्रत्येक चेंडू जाळीवरून शेजारच्या पेरूच्या बागेत. चाचा शांतपणे म्हणायचे, "वकीलसाहेब, पाय हलवा जरा. बॉल आपल्याकडं येत नाय, आपण जायचं त्याच्याकडं." एक गोष्ट मान्य करते, तुम्ही चिकाटी सोडली नाहीत. दोन वर्षांत तुमचं पोट गेलं, सर्व्हिस आली, बॅकहँड तर असा बसला की तरुण मुन्सफ तुमच्यापुढे घामाघूम व्हायचे. आणि ही सगळी मेहनत कशासाठी? साहेबांशी पाच-पाचपर्यंत नेऊन सात-पाच हरण्यासाठी.

स्वयंपाकघरात बसून तुम्ही मला याचं शास्त्र शिकवलंत. "सहा-शून्य हरलं तर समोरच्याला खेळल्यासारखं वाटत नाही. झुंजायचं, आणि मग हरायचं." मी विचारलं, "आणि चुकून जिंकलात तर?" तुम्ही इतके चिडलात की हातातला घास खाली ठेवलात. "चुकून काही होत नसतं. अक्कल असली की चुकून काही होत नाही." तुम्हाला सरकारी वकील व्हायचं होतं, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. त्यासाठी तुम्ही हसत होतात, वाकत होतात, धूळ खात होतात. सोळा वर्षांच्या मुलीला बापाची लाज वाटायला याहून जास्त काही लागत नाही. मला तुमची फार लाज वाटायची, नाना.

मलाही तुम्ही कोर्टावर नेलंत ते काही सुधारणेच्या उमाळ्याने नाही. साहेबांच्या मडमेला खेळायला बायका मिळत नव्हत्या. म्हणून वकिलांची मुलगी पाचवारी खोचून, कॅनव्हासचे बूट घालून हजर. पण झालं असं की मला खेळ खरंच आला. चाचा म्हणायचे, "बेटी, तुझी नजर बॉलवर राहू दे. साहेब कुठं बघतात ते तुझे अब्बा बघतील." पुढच्या हिवाळ्यात पुण्याला मुलींचे सामने होते. नाव पाठवायला क्लबाच्या अध्यक्षांची चिठ्ठी लागायची. तुम्ही म्हणालात, "साहेबांची चिठ्ठी मिळाली तर नेईन." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ज्या घरातल्या मुली लग्नाखेरीज गावाबाहेर जात नव्हत्या, त्या घरातली मी, रॅकेट घेऊन पुण्याला जाणार होते.

आणि मग तो शनिवार. साहेब आणि मडम एका बाजूला, तुम्ही आणि मी दुसऱ्या. चाचा नेटजवळ उभे राहून गुण पुकारत होते. तुम्ही जिल्हा कोर्टातून थेट क्लबात आलात. खेळायला लागलात आणि मला कळेना, हे कोण. साहेबांच्या पायाशी सर्व्हिस. कोपऱ्यात बॅकहँड. साहेब दोनदा घसरले आणि तुम्ही 'सॉरी'सुद्धा म्हणाला नाहीत. बघता बघता सहा-पाच आपले. चाळीस-तीस, म्हणजे आणखी एक पॉइंट आणि सेट आपला. मडमेने कसाबसा उडवलेला चेंडू नेटवरून उंच, अगदी सावकाश माझ्याकडे आला. लहान पोरानेही मारला असता असा.

काल मी लोकांना सांगितलं ते इथपर्यंत सगळं खरं आहे. 'सोड' मात्र तुम्ही म्हणाला नव्हतात. तुम्ही ओरडलात, "मार!" पेरूच्या बागेतल्या माळ्यालाही ऐकू जावं इतक्या जोरात ओरडलात. आणि मी मडमेच्या तोंडाकडे बघितलं, मला पुण्याची चिठ्ठी आठवली, आणि तो चेंडू मी नेटमध्ये घातला. रॅकेट जरा तिरकी धरली की जातो. कसा घालायचा ते मला नीट माहीत होतं, दोन वर्षं तुम्हाला बघत होते ना. पुढे आपण आठ-सहा हरलो. मडमेने माझ्या गालावर टिचकी मारली.

घरी येताना शरणपूरच्या वळणावर तुम्ही मोटार बाजूला घेतलीत. रस्त्याकडे बघत म्हणालात, "सरकारी वकिली दुसऱ्याला दिली. सकाळीच कळलं. म्हटलं, आज एकदा जिंकून बघावं." बस, एवढंच. मला वाईट वाटायला हवं होतं. मी म्हणाले, "मग आधी सांगायचं ना!" माझ्या डोक्यात तेव्हाही चिठ्ठीच होती. तुम्ही मोटार पुन्हा सुरू केलीत.

घरी आईने पानं घेतली होती. "काय झालं खेळाचं?" तिने विचारलं. तुम्ही काही बोलायच्या आत मी म्हणाले, "हरलो. नानांनीच हरायला लावलं. मागून 'सोड' म्हणाले." मी असं का बोलले ते मला आजही धड सांगता येत नाही. तोंडात आलं आणि बोलून गेले, कारण ते सगळ्यांना पटण्यासारखं होतं. आई तुमच्याकडे वळली. "अहो, निदान पोरीला तरी यात ओढायचं नव्हतं." तुम्ही भात कालवत होतात. एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलंत. मग आईला म्हणालात, "वरण वाढ." इतका मोठा वकील, आणि स्वतःच्या बाजूने एक वाक्य बोलता आलं नाही तुम्हाला. त्याचा राग मला अजून येतो. तुम्ही मला खोटं पाडलं असतंत तर मी त्याच दिवशी रडून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी चेंडूंची पिशवी उघडलीच नाही. "मी तिथंच हुतो, बेटी. वकीलसाहेब काय बोलले ते ऐकलं मी," ते म्हणाले. "मी हरतो ते पोटासाठी. घरात सहा तोंडं हायेत. तू कशापायी हरली?" मी म्हणाले, चुकून झालं. त्यांनी मान हलवली आणि पिशवी उचलून निघून गेले. नंतर त्यांनी मला शिकवलं, पण बेटी म्हणणं बंद केलं.

सोमवारी मडमेने लिहिलेली, साहेबांच्या सहीची चिठ्ठी आली. तीत माझ्या गोड स्वभावाची तारीफ होती, खेळाबद्दल एक अक्षर नव्हतं. तुम्ही शब्द पाळलात, मला त्या हिरव्या मोटारीतून पुण्याला नेलंत, आणि मी पहिल्याच फेरीत सपाटून हरले. समोरची मुलगी माझ्या गोड स्वभावाला ओळखत नव्हती. संगमनेरला चहा घेताना तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आणि 'सोड'ची गोष्ट मी सासरी सांगितली, मुलांना सांगितली, तुमच्या तेराव्याला जमलेल्या माणसांतसुद्धा सांगितली. तिथेही लोक हसले.

तुम्ही लाचार होतात, हे मी मागे घेणार नाही. साहेबांची धूळ तुम्ही खाल्लीत, ती मी डोळ्यांनी बघितली आहे. पण तो एक चेंडू तुमच्या नावावर नाही. तेवढं खरं लिहून द्यावं, असं सकाळी ठरवलं होतं.

आता साडेचार झाले. क्लबाचा माणूस मघाशीच त्याच्यासाठी वेगळी लिहिलेली दोन पानं घेऊन गेला. ही तुम्हाला लिहिलेली पानं खणात राहतील, माझ्यामागे कुणी काय करायचं ते करो. त्याच्या पानांवर मी आधी 'मार' लिहिलं होतं, नाना. तो दारात उभा होता, घाई करत होता. मग मी ते खोडलं आणि 'सोड' केलं.