दारामागचा केर

सोमवार, संध्याकाळ

उद्या सकाळी कंपनीचा माणूस जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमधली आमची सफाई बघणार. पसंत पडली तरच घरसफाईची फ्रँचायझी आम्हाला. यांनी टॉवेल कारखान्यातली नोकरी त्यासाठीच सोडलीय.

दुपारपासून दोघांनी मिळून घर आरशासारखं केलं. शेवटी मी हॉल झाडत होते, तेवढ्यात घरच्या बाईंनी देवापुढं दिवा लावला. झालं! दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकला तर लक्ष्मी जाते, म्हणून आपल्या घरी ठेवते तसा दारामागं सारून ठेवला. सकाळी टाकू म्हणून! आणि चपला घालून निघून आले.

आठवलं ते घरी, सासूबाईंनी लावलेला दिवा बघितला तेव्हा. यांचं तोंडच उतरलं. "फोन कर की," म्हणाले. तीनदा लावला, बाई उचलत नाहीत. दारामागं बघितलं असेल का? आणि फोन उचलला तर काय सांगू?

सासूबाई मात्र निवांत. म्हणाल्या, "बरं केलंस. त्यांची लक्ष्मी घरातच ऱ्हायली की."

त्यांची राहिली. आमची?