नऊ ओळींची जागा

५ जाने., सोम.
पेपरच्या धाकट्या मालकांचा (यापुढे धा.मा.) फोन. आपल्या सायंदैनिकाचा इतिहास लिहायचाय, वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी. "मॅडम, जुन्यातलं तुम्हीच उरलात." काय पण कौतुक! तरी लगेच हो म्हटलं. रिटायर झाल्यापासून मेथी निवडून बोटं हिरवी झालीत.

७ जाने., बुध.
क्रांती चौकाजवळच्या जुन्या ऑफिसात. फायली शाबूत! वाळवीनं खाल्ल्या असतील अशी धास्ती होती, फक्त कोपरे कुरतडलेत. जीव भांड्यात पडला.
पहिल्या वर्षाचे अंक चाळले. चार पानं, आकार मोठ्या पेपरच्या निम्मा, म्हणून लोक नावच विसरले. "एक अर्धा द्या." पहिल्या पानावर खून, धाड, पळवापळवी. शेवटच्या पानावर सिनेमा. फुलंब्रीच्या बसमधली माणसं सकाळचा पेपर शेजाऱ्याचा वाचायची, अर्धा मात्र स्वतः घ्यायची. (हे लेखात घेणे.) मोठे मालक म्हणायचे, सकाळचा पेपर अक्कल देतो, आपण चहाला विषय देतो. माणूस गमतीदार. चूक कबूल करायची मात्र ॲलर्जी.

९ जाने., शुक्र.
सापडला तो अंक. सापडू नये असंच वाटत होतं.
"जुगार अड्ड्यावर धाड, देवगावचा शेख रशीद जाळ्यात." मथळा माझा. पकडलेला होता शेख रशीद शेख हमीद. अर्ध्याचा कॉलम अरुंद, मथळा बसेना, मी बापाचं नाव उडवलं. आणि देवगाव रंगारीत नुसतं शेख रशीद म्हटलं की लोकांना एकच माणूस आठवतो, शेख रशीद शेख चाँद, टेलर. सरळमार्गी. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला, अंक हातात. ओरडला नाही. मी म्हटलं, उद्या खुलासा छापते. मोठे मालक म्हणाले, "खुलासा छापला की पेपर खोटा ठरतो." नाही छापला. मीही पुन्हा विषय काढला नाही. पुढं तिकडच्या वार्ताहरानं सांगितलं, टेलरच्या मुलीची सोयरीक मोडली.
वीस वर्षं झाली. आज जेवण गेलं नाही.

१० जाने., शनि.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जुनी मढी कशाला उकरतेस?" मी म्हटलं, इतिहास म्हणजे दुसरं काय असतं? उठून स्वतः चहा टाकला. (दुर्मिळ.)

१२ जाने., सोम.
धा.मां.ना विचारलं, पुरवणीत खुलासा घेऊ का. वाटलं, वडिलांवर जाणार. पण "घ्या की मॅडम, आता कोण विचारतंय" म्हणाले. इतकं सोपं होतं?
खुलासा लिहिला. नऊ ओळी. दोघांची नावं बापासकट, चूक माझी, माझं नावही. चार वेळा लिहिला. एरवी असल्या ओळी मी चहा पिता पिता खरडायची. तो टेलर जिवंत आहे की नाही तेच माहीत नाही.

१५ जाने., गुरु.
देवगावच्या एसटीनं गेले. हे बरोबर येतो म्हणाले, नको म्हटलं. स्टँडवर विचारलं, "टेलर रशीदभाई..." "व्हय, हायेत की. पानटपरीच्या मागं." तिथंच पायरीवर बसले मिनिटभर. जिवंत आहेत.
दुकान तेच, मशीन नवं. दाढी पांढरी. मी नाव सांगितलं. "म्हंजी अर्ध्यातल्या बाई? लई दिवस लावले वो."
कालची संक्रांत, तिळगूळ नेला होता. गोड बोला म्हणायची हिंमत होईना. त्यांनीच उचलला. "गोडच बोलतो. बसा."
आधी मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीचं विचारलं. "सोयरीक मोडली? कोन म्हन्लं? फुलंब्रीला नांदती, तीन लेकरं हायेत." मला रडू आलं, तिथंच, त्यांच्या गिऱ्हाइकासमोर. वीस वर्षं न मोडलेल्या सोयरिकीचं ओझं वाहिलं मी. त्या वार्ताहराला काय म्हणावं!
"गावात कोनी मानलं नाय. धाडीच्या सांजंला मी लेझीमवाल्या पोरांचे कपडे शिवत व्हतो, निम्मं गाव दुकानात व्हतं."
मग काहीच त्रास झाला नाही?
"झाला की. तुमी म्हन्ला, उद्या छापते. मंग मी रोज अर्धा घेतला. स्टँडवर उभं राहून आधी पहिलं पान, मंग शेवटचं. सालभर. लोक इचारायचे, टेलर, लाटरी लागली का?"
हसत सांगत होते. मला हसता आलं नाही.
नऊ ओळी पुढं ठेवल्या. दोनदा वाचल्या. नावावर बोट फिरवलं. म्हणाले, "बराबर हाय. पन आता गावात कोनाला याद बी नाय. छापलं तर नातू इचारंल, दादा, तुमी जुगार खेळत व्हते?"
आतून त्यांची बायको, शमीमबी, "छापा वो बाई! ह्यांनी सालभर डोळे फोडले."
"तू चुप बैठ."
"कायको चुप बैठू?"
शेवटी म्हणाले, "आठ दिवस द्या. मी फोन करतो." कागद घडी करून खिशात ठेवला. निघताना चहा पाजला, वर माझ्या ब्लाउजची बाही उसवलेली दिसली, तिला सुईनं दोन टाके घालून दिले.
परतीच्या बसमध्ये हलकं हलकं वाटत होतं. झोपच लागली. जागी झाले तेव्हा त्याची थोडी लाज वाटली.

१७ जाने., शनि.
लेख पूर्ण. बरा झालाय. ह्यांनी वाचला, दोनदा हसले, एकदा नाक पुसलं. पुरवणीच्या पान सातवर नऊ ओळींची चौकट रिकामी.

१९ जाने., सोम.
धा.मां.चा फोन. "मॅडम, पान सात पक्कं करू? चौकटीत पेढेवाल्याची जाहिरात बसते."
नाही म्हटलं.
"मग खुलासाच टाका, आहे ना लिहिलेला."
त्यालाही नाही म्हटलं. रशीदभाईंना विचारल्याशिवाय नाही. "शुक्रवारी सकाळी पान छापायला जाणारच," म्हणाले. म्हटलं, जाऊ दे. हो आलं तर छापा, नाही आलं तर तेवढी जागा कोरी जाऊ दे.
"कोरी? लोक विचारतील, काय राहिलं म्हणून."
विचारू देत.
फोन घेऊन सगळ्या घरभर फिरते. न्हाणीघरातही. हे म्हणतात, चारच दिवस झालेत अजून. चारच. त्या माणसानं सालभर कसं काढलं असेल?