विटकरी स्वेटर कुणी घालायचा त्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय चोपन्न, शिक्षण चौथीपर्यंत, काम सिनेमाच्या कपडेपटात कपडे रंगवणं आणि नवे कपडे जुने करणं, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही, आणि घातला असता तर मी ऐकलं नसतं हे मला ओळखणारे सांगतील. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण सवड नव्हती. आता सोमवारी छातीचं ऑपरेशन आहे. तीस वर्षं रंगाची पूड नाकातोंडात गेली, फडकं बांधा म्हणून सगळे सांगत होते, मी बांधलं नाही, तेव्हा त्यात कुणाचा दोष काढू नये. डॉक्टरांना विचारलं, यातून उठेन का? ते म्हणाले, "आशा ठेवू या." असं उत्तर मिळालं की माणसाने कागद घ्यावा.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. माझं म्हणणं त्यातल्या रिकाम्या जागांत मावेना. त्या म्हणाल्या, "बाई, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत." मी म्हटलं, मग कुठे लिहू? त्यांनी नमुना परत घेतला. म्हणून इथेच लिहीत आहे.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते माझ्यामागे माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावं. मात्र माझे यजमान जिवंत आहेत तोवर ते या घरात राहतील आणि घरातला कुठलाही रंग कुणी बदलणार नाही.

हे का ते लिहिते. माझे यजमान सिनेमाच्या सेटवर भिंती रंगवायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणते. सहा वर्षं झाली, मास्तरांचं डोकं पुसत चाललंय. आधी नावं गेली, मग वाटा गेल्या, मग चेहरे गेले. रंग मात्र अजून गेलेला नाही. हे मला कुठल्या डॉक्टरने सांगितलं नाही, माझं मीच शोधलं. न्हाणीचं दार त्यांना सापडेना, तेव्हा मी ते गडद निळं केलं, त्या दिवसापासून सापडतं. पांढऱ्या टेबलावर पांढरं ताट ठेवलं तर समोरचं जेवण दिसत नाही आणि उपाशी उठतात, म्हणून ताट लाल. दाराशी काळं पायपुसणं होतं, ते ओलांडेनात, म्हणायचे, "खड्डा आहे." ते काढून टाकलं. त्यांच्या पलंगासमोरची भिंत फिक्या साईच्या रंगाची आहे. ती विटकरी करायची नाही. कधीच नाही. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम २. माझा विटकरी स्वेटर. याची किंमत कुणी धरणार नाही, पण माझ्याकडे देण्यासारखं खरं हेच आहे, म्हणून त्याचा उगम लिहिते.

आमची ओळख भांडणातून झाली. एका सिनेमात नवीन लग्न होऊन आलेली सून होती. दिग्दर्शकाने मास्तरांना सांगितलं, घर उबदार दिसू दे. मला सांगितलं, सून उबदार दिसू दे. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत सांगितलं. मास्तरांनी भिंत विटकरी केली, मी झगा विटकरी केला. एकमेकांना विचारायचं सुचलं नाही, कारण भिंतवाले आणि कापडवाले तेव्हा एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत. शूटिंगच्या दिवशी नटी भिंतीला टेकली आणि नाहीशीच झाली. नुसतं तोंड आणि दोन हात हवेत तरंगत होते.

दिग्दर्शक ओरडला, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मास्तर म्हणाले, "भिंत आधी उभी होती, साहेब. बाईंनी बघून रंगवायला हवं होतं."

मी म्हटलं, "कॅमेरा माझ्या झग्यामागे फिरतो, तुमच्या भिंतीमागे नाही. भिंत काय कडेवर घेऊन फिरू?"

सगळा सेट हसला. दिग्दर्शक मात्र कॅमेऱ्याला डोळा लावून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "राहू दे. असंच घ्या." त्या सिनेमात घर त्या सुनेला हळूहळू गिळतं, आणि ते आमच्या चुकीमुळे एका शब्दाशिवाय दिसलं. शेवटी ती घर सोडून जाते तेव्हा तिला नवा झगा द्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, नवा नको. तोच द्या आणि मोकळ्या, पांढऱ्या रस्त्यावर उभी करा. तसं केलं. तीच बाई, तोच झगा, आणि अख्ख्या थेटराला ती पहिल्यांदा दिसली.

पुढे एका शहाण्या माणसाने पेपरात लिहिलं की विटकरी रंग म्हणजे दाबलेला संताप. असेल बापडा. आमचा संताप तर सगळ्या सेटने ऐकला होता.

संध्याकाळी मास्तर माझ्या पातेल्यांपाशी आले. माफी मागता येईना, म्हणून विचारलं, "उरलेल्या रंगाचं काय करता?" फेकायचा माझ्याही जिवावर आला होता. अंगातला पांढरा स्वेटर काढला आणि त्यांच्यासमोर पातेल्यात बुडवला. दुसऱ्या दिवशी घालून गेले तर म्हणाले, "आता लांबून ओळखू येता." लग्नानंतर म्हणायला लागले, "रंगारणी, लांबून ओळखू येतेस." आता जवळूनही तेवढ्यावरच ओळखतात.

कलम ३. बँकेत जे असेल ते मास्तरांच्या औषधाला, त्यातून उरलं तर लेकीला.

कलम ४. माझी तीन मोठी पातेली, ढवळायच्या काठ्या, काचकागद आणि किसणी आमच्या कपडेपटातल्या इस्त्रीवाल्याला. मी जुने केलेले कपडे त्याने आयुष्यभर चुरगळू न देता सांभाळले. या किसणीने मी कोटांची निदान हजार कोपरं झिजवली आहेत. त्याला एकच सांगणं. दोन्ही कोपरं सारखी झिजवू नकोस. बायको गेल्यावर खिडकीत बसून राहणारा माणूस एकाच हातावर रेलतो. कोट हातात आला की आधी विचार, हा माणूस दिवसभर करतो काय. नट दोन तास बोलून सांगणार नाही ते कोपर सांगतं.

त्याला साक्षीदार करणार होते, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नाही म्हणे. पातेली जास्त गरजेची.

कलम ५. कपडेपटाच्या मॅडमना माझा जुना एप्रन. मॅडमनी त्या सिनेमाचं बक्षीस घेताना स्टेजवर सांगितलं, "हा विटकरी रंग मी वर्षभर शोधत होते." तो त्यांना माझ्या पातेल्यात एका दुपारी सापडला. एप्रनवर पहिला डाग त्याच दिवसाचा आहे. त्यांनी तो भिंतीवर लावावा.

कलम ६. आता मुख्य. हे कलम लिहिताना दोनदा कागद फाडला.

सिनेमात बाजार दाखवताना चारशे माणसं सोडली तरी बघणाऱ्याचा डोळा बरोबर नायिकेवर जातो. तो आपोआप जात नाही. बाकीच्यांना आम्ही राखाडी, मातकट, धुवट निळं घालतो आणि तिला एक रंग देतो. त्या फिक्या रंगांना आमच्यात गर्दीचा रंग म्हणतात. लांबच्या शॉटमध्ये नटी थकली असेल तर तिचा झगा दुसऱ्या कुठल्याही बाईला घालतात. कुणाच्या लक्षात येत नाही. ही लबाडी मी शंभर वेळा केली आहे. ती लबाडी माझ्या घरात येईल असं वाटलं नव्हतं.

गेल्या थंडीत एका दुपारी लेक भेटायला आली होती. ती नेहमी काळे कपडे घालते. म्हणते, लहानपणी रंगांचा वास एवढा घेतला की आता नको. तिला थंडी वाजली म्हणून तिने खुर्चीवरचा माझा स्वेटर अंगात घातला आणि बाबांपाशी बसली. मी कामावरून आले. अंगात स्टुडिओचा राखाडी डगला होता.

दारातूनच ऐकलं. मास्तर तिचा हात धरून म्हणत होते, "कुठे होतीस गं दिवसभर? तुझ्याशिवाय इथे कुणी ओळखीचं नाही."

लेक म्हणाली, "बाबा, मी आई नाही. आई ती बघा, दारात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग तिला हळूच म्हणाले, "रंगारणी, दारात कुणी बाई आल्यात. काय हवंय विचार त्यांना."

मी म्हटलं, "चुकून आले, साहेब. वरच्या मजल्यावर जायचंय."

ते म्हणाले, "जिना उजव्या हाताला, ताई. सांभाळून जा."

मी खरंच जिन्यात जाऊन बसले. एका पायरीवर. आयुष्यात मला कुणी गप्प केलं नव्हतं. थोड्या वेळाने लेक बाहेर आली, स्वेटर माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "पुन्हा हा माझ्या अंगात घालायला सांगू नकोस. तो तुझा नवरा आहे, माझा बाप आहे. बाप मला आई समजतो आणि मी हसत बसायचं?"

मी म्हटलं, "हसू नकोस. नुसती बस."

ती म्हणाली, "तू गेल्यावर मी तुझं सोंग करू? मग माझी आई गेली म्हणून मी कधी रडायचं?"

मी उठले. स्वेटर अंगात घालून आत गेले. मास्तर म्हणाले, "आलीस? मघाशी कुणी बाई आल्या होत्या." मी म्हटलं, "भेटल्या जिन्यात."

म्हणून वकीलबाईंना सांगितलं, अट घाला. लेकीने रोज निदान संध्याकाळी स्वेटर घालून बापापाशी बसावं, तरच घर तिचं. वकीलबाई म्हणाल्या, "लिहिता येईल, पण बाई, हे कोर्टात कोण मोजणार? आणि अशी बसलेली मुलगी तुम्हाला चालेल?" तिथे मी हात टेकले. पातेली देता आली, किसणी देता आली. हे देता येत नाही. तेव्हा अट नाही. घर तिचंच, तिने स्वेटर घातला तरी आणि फेकला तरी. ही फक्त विनंती आहे, आणि विनंती करायची मला सवय नाही, शब्द चुकले असतील.

नणंदबाईंचं म्हणणं आहे की माझ्यामागे भावाला चांगल्या संस्थेत ठेवावं. मी ती संस्था बघून आले. स्वच्छ आहे. भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, माणसंही पांढऱ्या कपड्यांत. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, किती शांत वाटतं ना?" मी म्हटलं, तुम्हाला वाटेल. मास्तरांना तिथे एकही माणूस दिसणार नाही. लेकीला नाहीच जमलं तर हेही होईल. मी थांबवायला नसेन. तसं झालं तर स्वेटर त्यांच्यासोबत द्या, उशाला ठेवा.

कलम ७. रंगाची वही लेकीला. स्वेटर चार-पाच धुण्यांनंतर फिका पडतो आणि मास्तर अस्वस्थ होतात, दाराकडे बघत बसतात. तेव्हा पुन्हा बुडवावा. लाल तीन चमचे, पिवळा एक, काळा चिमटीभर, शेवटी चहाच्या पाण्यात. ओला असताना रंग गडद दिसतो, त्याला फसू नये. वाळल्यावर खिडकीपाशी बघावा. नाकाला फडकं बांधून कर. माझ्यासारखं करू नकोस.

लेकीने हे सगळं वाचलं आहे. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. वही पर्समध्ये टाकली. स्वेटर अजून खुर्चीवरच आहे.

कलम ८. माझ्या देहाबद्दल. मला शेवटचं घरी आणलंत तर मास्तर समोर असणार. त्यांना आत कोंडू नका, कोंडलं तर घाबरतात. मला विटकरी काहीही घालायचं नाही. ओढणी नाही, रुमालसुद्धा नाही. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात राखाडी झगा आणि धुवट निळी शाल आहे. मीच रंगवलेली आहेत, डोळा त्यांच्यावर ठरत नाही याची खात्री मी देते. तेच घाला. मास्तरांनी विचारलं, "कोण गं या बाई?" तर सांगा, वरच्या मजल्यावरच्या. त्या वेळी त्यांच्या बाजूला विटकरी स्वेटर घालून कुणीतरी हात धरून उभं राहावं. लेकीला जमलं तर लेकीने. आणि लेकीला तेव्हा रडू आलं तर तिने खुशाल रडावं. शेजारची बाई गेली तरी माणूस रडतं, मास्तर संशय घेणार नाहीत.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, खाडाखोड माझीच आहे, आणि दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे.

सही: (केली)

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे चष्मेवाले. सही केली. म्हणाले, अक्षर वाचता येतं.

साक्षीदार दुसऱ्या: वरच्या मजल्यावरच्या शिवणबाई. सही केली. कलम आठ मी त्यांना आधीच सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, त्या दिवशी मी जिना उतरणार नाही.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर, खिडकीजवळचं टेबल.

तारीख: शिक्क्यावर पडेल ती. ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार, दुपारी, मास्तर झोपलेले असताना. ते उठायच्या आत स्वेटर घालायचा आहे, म्हणून इथेच थांबते.