येऊन राहिली

आई, रविवारी मला पुन्हा चर्चमध्ये बोलायला उभं केलं. पाळकसाहेब नवे आहेत, तुझ्या वेळचे नव्हेत. माणूस उत्साही, बोलायला लागला की घड्याळ विसरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुण संघाला सेवेसाठी बाहेरगावी पाठवायचं त्यांनी ठरवलंय, पण नावं काही येत नाहीत. पोरांना सुट्टीत टायपिंगचा क्लास लावायचा असतो, उरलेल्या वेळात टीव्ही आहेच. तेव्हा कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की त्या शाळेतल्या बाई पूर्वी जाऊन आल्या आहेत, आणि चर्चपुढे उभं राहून त्यांनी तिथला अनुभव सांगितला, ती साक्ष ऐकून एका सकाळी नऊ नावं आली होती. लोकांना नको ते बरं आठवतं. पाळकसाहेब शाळेत आले आणि म्हणाले, तीच साक्ष पुन्हा द्या, जशीच्या तशी. मी मान डोलावली आणि घरी येऊन तीन दिवस नीट जेवले नाही.

तो उन्हाळा तुला आठवत असेल. तू चिवड्याचा डबा बांधून दिला होतास आणि ‘तिकडचं पाणी उकळून पेजो’ असं स्टेशनवर चारदा सांगितलं होतंस. पार साताऱ्याच्या पुढे एक कुष्ठरोग्यांची वसाहत होती, तिथे आम्ही अकरा जण तीन आठवडे राहिलो. भिंतींना चुना लावला, जखमांच्या पट्ट्या उकळून दोरीवर वाळत घातल्या, संध्याकाळी गाणी म्हटली. माझ्या वाट्याला एक म्हातारी आली होती. डोळे गेलेले, हातांना बोटं नाहीत, घरची माणसं सगळी जिवंत पण एकही येत नसे. मी रोज सकाळी तिचे केस विंचरायची आणि पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचून दाखवायची. अध्यायापेक्षा तिला माझ्या बोलण्याचीच जास्त गंमत वाटे. ‘करून राहिली, जाऊन राहिली, कुठं कुठं ऱ्हातीस गं एवढी?’ असं म्हणून ती दात नसलेल्या तोंडानं हसायची. मला तिथे पहिल्यांदा वाटलं की मी कुणाच्या तरी उपयोगाची आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीला यापेक्षा मोठी नशा दुसरी नसते.

शेवटच्या सकाळी ट्रक फाटकाशी येऊन उभा राहिला. आम्ही जाणार हे म्हातारीला सांगायचं काम माझं होतं आणि ते मी दोन दिवस पुढे ढकललं होतं. त्या सकाळीही मी नुसतीच तिचे केस विंचरत बसले होते. एवढ्यात ट्रकमधून आमच्यातला कोणी तरी ओरडला, ‘अवं चाल न वं, गाडी सुटून राहिली!’ मी बसल्या जागेवरून ओरडून उत्तर दिलं, ‘येऊन राहिली! येऊन राहिली!’ आपल्याकडे याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल, की येतेय, जरा दम धरा. पण म्हातारी तिकडची. ‘करून राहिली’ला हसणाऱ्या त्या बाईला हे मात्र सरळ तिच्या भाषेत ऐकू आलं, की ही आली आणि राहिली, मुक्कामाला राहिली. तिनं आपल्या त्या बोटं नसलेल्या दोन हातांमध्ये माझं मनगट धरलं आणि विचारलं, ‘ऱ्हायलीस व्हय गं? खरंच ऱ्हायलीस?’

परत आल्यावरच्या रविवारी मी हे सगळं चर्चमध्ये सांगितलं, पण इथपर्यंतच. तिचा आवाजही काढून दाखवला. तुला माहीत आहे, मला नकला बऱ्या जमतात. सगळं चर्च खदखदून हसलं. हसू ओसरू दिलं, मग आवाज खाली आणून मी म्हटलं, अशी किती माणसं तिथे वाट पाहत आहेत, तुमच्यापैकी कोण जाईल? नऊ हात वर झाले. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी डोळे मिटायच्या आधी बायकांच्या बाजूला पाहिलं. शेवटच्या बाकावर तू पांढऱ्या लुगड्यात बसली होतीस आणि तुझ्या तोंडावर हसू नव्हतं.

घरी आल्यावर तू स्टोव्ह पेटवलास, मटणाला फोडणी दिलीस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, ‘मंग तू काय म्हटलं तिले?’

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘गाडी सुटून राहिली होती. मी पळाली.’

‘अन् हात?’

‘कोणता हात?’

‘तिनं धरला होता न वं. तो कसा सोडला तिनं? म्हातारं माणूस हात धरते तं असं सोडत नाही.’

तुला हे कुठून कळत होतं ते मला ठाऊक होतं. मिशनच्या दवाखान्यात तू रोग्यांचा स्वयंपाक करायचीस आणि पेज वाढायला स्वतः वॉर्डात जायचीस. ‘मावशी, उद्या येशील?’ असं कुणी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तुझी सुट्टी असली, तर तू सरळ सांगायचीस, ‘नाही येत उद्या, माही सुट्टी आहे.’ लहानपणी मला ते फार कोरडं वाटायचं. मरायला टेकलेल्या माणसाला हो म्हणायला काय जातं, असं मी एकदा तुला विचारलंही होतं, आणि तू मला पाठीत धपाटा घातला होतास. त्या रविवारीही मी ‘सोडला तिनं’ एवढंच म्हटलं आणि ताट घेऊन बसले. तू जास्त खोदून विचारलं नाहीस. संध्याकाळी माझ्यापुढे एक अंतर्देशीय पत्र आणून ठेवलंस. ‘तिले लिही, का मी नाही राहिली. कोणी तरी वाचून दाखवतीन.’

आई, मी तिला हो म्हटलं होतं. तिनं दोनदा विचारलं आणि मी दोनदा हो म्हटलं. पहिल्यांदा घाईत तोंडातून गेलं. दुसऱ्यांदा घाई नव्हती, दुसऱ्यांदा तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं. तेव्हा तिनं हात सोडला आणि म्हणाली, ‘जा मग, तुजं सामान उतरवून घे.’ मी गेले आणि ट्रकमध्ये चढले.

पत्र मी लिहिलं. पोचलो, इकडे ऊन फार आहे, तुमची आठवण येते. तू विचारलंस, ‘ते लिहिलं का?’ मी म्हटलं, ‘लिहिलं.’ तुला वाचता येत नव्हतं. तू पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलंस, कडा चिकटवल्यास आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना स्वतः पेटीत टाकलंस. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या शब्दावर ते नऊ जण गेले. मी गेले नाही, नवीन नोकरीचं कारण होतं. परत आल्यावर त्यांच्यातल्या एकीनं सांगितलं की ती म्हातारी थंडीत वारली. तिच्या खोलीत दुसरी एक रिकामी खाट होती आणि ती म्हातारी कुणाला देऊ देत नव्हती म्हणे, भांडायची. पोरीला त्याची मौज वाटली होती. मी तुला फक्त ती वारली एवढंच सांगितलं. तू उभ्याउभ्या डोळे मिटलेस, ओठ हलले, आणि मग भाजी चिरायला बसलीस.

आता तुला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. मी गावाबाहेर हुडकेश्वरकडे दोन खोल्या बांधल्या आहेत. आजूबाजूला अजून मोकळे प्लॉट आहेत आणि त्यांत गाई चरतात. शाळा सुटली की बसनं येते, कुलूप उघडते, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभी राहीपर्यंत कुणाशी बोलणं होत नाही. कधी कधी मुद्दाम गवळ्याशी दुधावरून भांडते. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. तू असतीस तर आपण दोघी भांडलो असतो आणि मला फार बरं वाटलं असतं. दिवसभर दवाखान्यातल्या माणसांत वावरून तू घरी यायचीस, तेव्हा मी तोंडासमोर पुस्तक धरून बसायची. त्याचं आता वाईट वाटतं.

तर परवाच्या रविवारी मी सगळं सांगितलं. मनगट धरल्याच्या जागी लोक हसले, पूर्वीसारखेच. मग मी पुढचं सांगितलं, दोन्ही वेळचं हो आणि सामान उतरवून घे म्हणाली तेही. पाळकसाहेबांनी लगेच गाणं सुरू केलं. टेबलावर ठेवलेल्या कागदावर दोनच नावं आली, आणि साहेब माझ्याशी जरा तुटकच बोलले. त्यांचं तरी काय चुकलं?

सगळे पांगल्यावर एक पोरगी माझ्याजवळ आली. नर्सिंगला आहे, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात शिकते. ‘बाई, मंग मी जाऊ का नको?’ मी म्हटलं, जा. नक्की जा. तुझा उपयोग होईल, तुलाही बरं वाटेल, ते खोटं नाही. फक्त पहिल्याच दिवशी त्यांना सांग की मी अमक्या दिवशी परत जाणार आहे, आणि रोज सांगत राहा. तिनं मान हलवली, कागदावर नाव लिहिलं, आणि पेन माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘तुम्ही बी चला न बाई. सुट्टीत एकट्याच असता, घरी काय करता?’

मी म्हटलं, ‘गुडघे दुखतात गं माझे. एवढा प्रवास होत नाही आता.’ बिचारीला ते खरं वाटलं. कुठलं तेल लावायचं तेही तिनं सांगितलं. तिथे कुणी माझा हात धरला तर या वेळी सोडवून घ्यायला माझ्याकडे काही कारण नाही, याची मला भीती वाटली. गुडघे चांगले आहेत, आई.