उंद्री-चिखली मोटारीचे उघडे फाळके बंद करविणेबाबत

प्रति,
मेहेरबान डेप्युटी कमिशनर साहेब,
जिल्हा बुलढाणा

विषय : सर्व्हिस मोटार मागचे फाळके उघडे टाकून चालते, त्यास मनाई होणेबाबत.
संदर्भ : माझे दोन अर्ज, ता. ३ व ता. १७ नोव्हेंबर. उत्तर नाही.

महोदय,

आपण आपल्या कन्येस उघड्या फाळक्यावर बसवून चिखलीस धाडाल काय? हे साहेबांस विचारण्याची माझी छाती नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारले. उद्धटपणाची क्षमा असावी, पण उत्तर पाहिजे.

१. मी चिखलीस सातवीत शिकते. मोटारीत पुरुष मंडळींच्या पुढे मुलींनी बसू नये असा रिवाज. आत कापसाची पोती. म्हणून मागची फळी, म्हणजे फाळके, साखळ्यांवर आडवे सोडून आम्हा सात जणींस त्यावर बसवतात. पाय रस्त्यावर लोंबतात.

२. तक्रार केली तेव्हा ड्रायव्हर इंद्रभान यांनी साती जणींच्या कमरेला एकच दोर बांधला. म्हणाले, "एक सुटली तं बाकीच्या धरतीन न वं." गुरुवारी खड्ड्यात कोकिळा सुटली. आम्ही तिला धरले नाही, तिनेच आम्हास ओढले. तिघी रस्त्यावर पडलो. कोकिळाचा पाय मोडला. मागच्या गाडीचे बैल जागीच थांबले म्हणून जीव वाचले.

३. चिखली नाक्याअलीकडे आम्हीच उतरून फाळके लावतो आणि नाका जाईतो पोत्यांवर दबून बसतो. शिपायास सर्व ठीक दिसते. मग गुन्हा लपविण्यात आम्हीही आलो काय? मालकाने पालकांकडून "पडल्यास जबाबदारी आमची" असा कागद करून घेतला आहे. त्यावर पहिला अंगठा माझ्या बाबांचा. असा कागद कायद्यात चालतो काय?

४. फाळके लावून आम्हास आत नीट बसवले तर सहा पोती कमी बसतात, एवढेच मालकाचे दुखणे. बाबा म्हणतात, "पोरीले लंगडी करून शिकवू काऊन? घरीच बस." चौघींची शाळा सुटली. माझी सुटायला आजचा दिवस उरला आहे. साहेब, वर्गात उभे राहून बोलायला मला आत्ता कुठे जमू लागले. परीक्षा मार्चात आहे. एक शिपाई पाठवा. नाक्यावर नको, उंद्रीस पाठवा.

५. बुलढाण्यास निघालेल्या पंजाबराव काकांच्या हाती हा अर्ज देत आहे. देण्यापूर्वी बाबांस व मायला वाचून दाखविला, आणि सांगून टाकले, की उद्या सकाळी फाळके लावल्यावाचून मोटार सुटली तर मी चाकापुढे बसणार. मागे बसलेली कोणास दिसले नाही. पुढे बसलेली दिसेन.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
कु. रुख्मिणी उकंडराव अंभोरे
मु. उंद्री, ता. चिखली
रविवार, ता. २४ नोव्हेंबर १९४६